घटनास्थळाची छायाचित्रे न्यायालयात टिकावीत यासाठी नेमके काय पाळावे?

प्रश्न: स्टुडिओचालक, माजलगाव तालुका

नमस्कार. माजलगाव तालुक्यातील एका बाजारगावी माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराई आणि पासपोर्ट फोटो हा नेहमीचा व्यवसाय असला, तरी पोलीस ठाण्यातून निरोप आला की पंचनाम्याच्या वेळी छायाचित्रे काढायला जावे लागते. विहिरीत सापडलेले प्रेत, उसाच्या फडाजवळची मारहाण, घरफोडी, जळिताचे प्रकरण असे सर्व प्रकार त्यात येतात. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाल्यावर पोलीस कर्मचारी स्वतःच्या मोबाइलवर चित्रीकरण करतात हे खरे. पण खुनासारख्या गुन्ह्यात तपास अधिकारी आजही कॅमेऱ्याने काढलेली छायाचित्रे मागतात आणि ती पुढे दोषारोपपत्राला जोडली जातात.

लग्नात चेहरा उजळ दिसावा म्हणून जे केले जाते ते इथे चालणार नाही, एवढे समजते. परंतु कोणत्या क्रमाने छायाचित्रे घ्यावीत, मोजपट्टी केव्हा ठेवावी, भर दुपारच्या उन्हात काळ्या मातीतला पायाचा ठसा छायाचित्रात सपाट का दिसतो आणि तो उठावदार कसा यावा, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. दुसरे असे की, छायाचित्रे पेन ड्राइव्हमध्ये द्यावीत की मेमरी कार्डच जमा करावे, आणि प्रमाणपत्रावर सही मागतात ती नेमकी कशाबद्दलची असते? शेवटचा प्रश्न जरा अवघड आहे. रक्ताने भिजलेले कपडे माझ्या डोळ्यांसमोर प्लास्टिकच्या पिशवीत भरले जातात, तेव्हा मी काही बोलावे की नाही?

उत्तर: निवृत्त पोलीस उपनिरीक्षक, लातूर

कॅमेरा पिशवीतून बाहेर काढल्याबरोबर आधी त्याचे घड्याळ तपासा. तारीख आणि वेळ चुकलेली असेल, तर छायाचित्र कितीही स्वच्छ असले तरी उलटतपासणीत बचाव पक्षाचे वकील पहिले बोट तिथेच ठेवतात. पंचनामा सकाळी दहाला सुरू झाला आणि छायाचित्रावर पहाटेची वेळ आहे, एवढ्या एका विसंगतीवर आरोपीला संशयाचा फायदा मागितला जाऊ शकतो.

क्रमाबद्दल सांगायचे तर सर्वांत महत्त्वाचे हे की, कोणत्याही वस्तूला हात लागण्याआधी ती जशी होती तशी नोंदली गेली पाहिजे. आपण पोहोचेपर्यंत कोणी कोयता उचलून भिंतीला टेकवून ठेवला असेल, तर तो परत "मूळ जागी" ठेवून छायाचित्र काढायला कोणी सांगितले तरी काढू नये. तो जिथे आहे तिथलेच छायाचित्र घ्यावे आणि कोणी हलवला हे तपास अधिकाऱ्यांना पंचनाम्यात लिहू द्यावे. रचून काढलेले एक छायाचित्र उघडकीस आले की उरलेल्या सगळ्यांवर पाणी फिरते.

प्रथम दुरून घ्या: गावातून येणारी वाट, घराच्या चारही बाजू, शेत असेल तर बांध आणि जवळचा विजेचा खांब. खोलीत गेल्यावर प्रत्येक कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे, चौकटींच्या कडा एकमेकींवर येतील अशा बेताने. त्यानंतर मधल्या अंतरावरून, आणि इथेच बहुतेकांचे काम उणे पडते. रक्ताचा डाग दिसतो, पण तो कुठल्या भिंतीवरचा हे कळत नाही. म्हणून मधल्या छायाचित्रात डागाबरोबर उंबरा, चूल, विहिरीचा कठडा अशी न हलणारी एखादी खूण आलीच पाहिजे. शेवटी जवळून, आणि तेही दोनदा: एकदा मोजपट्टीशिवाय आणि एकदा मोजपट्टीसह. पट्टीखाली काही झाकले तर नाही ना, या शंकेला पहिले छायाचित्र उत्तर देते. आकार किती, हे दुसरे सांगते. जवळचे छायाचित्र घेताना कॅमेरा वस्तूला काटकोनात हवा, कारण तिरप्या छायाचित्रावरून मोजमाप काढता येत नाही.

लग्नाच्या छायाचित्रणातल्या काही सवयी इथे कटाक्षाने सोडाव्या लागतील. पार्श्वभूमी पुसट करणारे भिंगाचे मोठे छिद्र (ॲपर्चर) नको. एफ ८ ते एफ ११ च्या दरम्यान ठेवले म्हणजे पुढचे-मागचे सर्व स्पष्ट येते. अति रुंद भिंगाने खोली आहे त्यापेक्षा लांब भासते, म्हणून पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ५० मिलिमीटर आणि लहान सेन्सरवर साधारण ३५ मिलिमीटर बरे. रंग उजळ करणे, कातरणे, फिरवणे हे मूळ फाइलवर कधीही करू नये. एखादे छायाचित्र हलले किंवा काळे आले तरी पुसू नका. क्रमांक १०४ नंतर एकदम १०६ आला की १०५ मध्ये काय होते, हा प्रश्न येणारच, आणि "धूसर आले म्हणून काढून टाकले" हे खरे उत्तरही त्या वेळी लपवालपवीसारखे वाटते. सोबत एक वही ठेवा. छायाचित्राचा क्रमांक, वेळ, कोणत्या दिशेला तोंड करून घेतले आणि त्यात काय आहे, एवढ्या चार गोष्टी जागेवरच लिहा.

प्रेत असेल तर चारही बाजूंनी, शक्य झाल्यास वरून, मग चेहरा, दोन्ही हात, जखमा. प्रेत उचलल्यानंतर त्याखालच्या जमिनीचे छायाचित्र घेण्याआधीच पुष्कळ जण कॅमेरा बंद करतात. खालची माती कोरडी आहे की भिजलेली, तिथे गुंडी किंवा बांगडीचा तुकडा आहे का, खून तिथेच झाला की प्रेत आणून टाकले, याचा उलगडा त्या जागेवरून होऊ शकतो.

आता आपल्या काळ्या मातीतील ठशाकडे येतो. तो सपाट दिसतो, कारण दुपारचे ऊन डोक्यावरून सरळ पडते आणि ठशातल्या खाचांना सावलीच राहत नाही. उपाय असा: एका माणसाला चादर किंवा ताडपत्री धरून ठशावर पूर्ण सावली करायला सांगा. कॅमेरा तिवईवर ठशाच्या बरोबर वर, जमिनीला समांतर लावा. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून हातात घ्या, जमिनीपासून थोडा वर, जवळजवळ आडवा धरा आणि एकामागून एक चारही बाजूंनी प्रकाश टाकून छायाचित्रे घ्या. एका बाजूने टाचेची झीज उठते, तर दुसऱ्या बाजूने चपलेच्या तळव्यावरची नक्षी. मोजपट्टी ठशाच्या शेजारी मातीवर नुसती ठेवू नका. ठसा बोटभर खोल असेल तर पट्टीही शेजारची माती हलकेच खरवडून तेवढ्याच पातळीवर बसवा, अन्यथा पट्टी कॅमेऱ्याच्या जवळ येते आणि ठसा आहे त्यापेक्षा लहान मोजला जातो. काटकोनी पट्टी असेल तर उत्तम, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही एका छायाचित्रात तपासता येतात.

छायाचित्रे झाल्यावरच साचा घ्यावा. पूर्वी आम्ही प्लास्टर ऑफ पॅरिस वापरत होतो. दातांचे डॉक्टर वापरतात तो डेंटल स्टोन अधिक कठीण असतो आणि बारकावे चांगले धरतो. सुमारे ९०० ग्रॅम पावडरीला साधारण ३५० मिलिलिटर पाणी घालून पिठल्यासारखे सैलसर कालवावे आणि ठशात थेट न ओतता शेजारच्या जमिनीवर ओतून ते आत वाहू द्यावे. अर्धा तास तरी हात लावू नये. चिकटलेली माती जागेवर धुण्याचा मोह टाळावा. साचा पूर्ण वाळल्यावर ते काम प्रयोगशाळा करते.

बोटांच्या ठशांबाबत एवढेच सांगतो की, पावडर टाकून ठसा उठला की चिकटपट्टीवर उचलण्याआधी त्याचे छायाचित्र झालेच पाहिजे, कारण उचलताना तो फाटला तर मागे दुसरे काहीच उरत नाही. जगातील पहिले अंगुलीमुद्रा केंद्र १८९७ मध्ये आपल्याच देशात, तेव्हाच्या कलकत्त्यात उभे राहिले. त्या देशात आजही घरफोडीच्या ठिकाणी कपाटाच्या हँडलला पाच जणांचे हात लागल्यावर तज्ज्ञाला बोलावणे जाते, याचे मला मनापासून दुःख होते.

उत्तर: पोलीस पाटील, सेनगाव तालुका

उपनिरीक्षक साहेबांनी सांगितले ते सर्व योग्य आहे, पण पोलीस येईपर्यंतचा वेळ आमच्यासारख्यांच्या हाती असतो आणि पुरावा बहुधा त्याच वेळात तुडवला जातो. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ नुसार गावातील गुन्ह्याची खबर देणे हे आमचे कर्तव्य आहे. त्याबरोबर जागा राखणेही आम्ही आपले काम समजले पाहिजे. मी कोतवालाच्या मदतीने आधी सुतळी बांधून घेते आणि आत जाण्यासाठी एकच वाट ठेवते. मातीत ठसा दिसला तर त्यावर घमेले पालथे घालून ठेवते. पाऊस आला तरी तो शाबूत राहतो. प्रेतावर कोणी घरातील चादर टाकू लागले तर थांबवावे, कारण त्या चादरीवरचे केस आणि धागे प्रेतावर येतात. नातेवाइकांना हे सांगताना फार जड जाते. अशा वेळी घरातील एखाद्या जाणत्या माणसाला बाजूला घेऊन, "आपल्याच माणसाला न्याय मिळावा म्हणून थोडे थांबा" असे सांगितले की बहुतेक ऐकतात.

उत्तर: न्यायसहायक प्रयोगशाळेतील निवृत्त कर्मचारी, नांदेड

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. बोलावे, अवश्य बोलावे. मात्र पंचांसमोर वाद न घालता तपास अधिकाऱ्यांना बाजूला घेऊन सांगावे.

भिजलेला सदरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, वर लाखेचे सील लावून, मे महिन्याच्या उन्हात मुद्देमाल खोलीत पडून राहिला की आत काय होते ते एकदा पाहिले म्हणजे कोणाला निराळे सांगावे लागत नाही. पिशवीच्या आत पाण्याचे थेंब जमलेले असतात, कापडावर करडी-हिरवी बुरशी चढलेली असते, रक्ताचा डाग पसरून शेजारच्या घडीवर उमटलेला असतो आणि उघडताच कुबट वास येतो. डाग मुळात कुठे होता, थेंब उडालेला होता की पुसला गेलेला, हे त्यातून सांगता येत नाही. जिवाणू आणि बुरशीमुळे डीएनएही खराब झालेला असतो. म्हणून रक्ताचे कपडे सावलीत, वाऱ्यावर, स्वच्छ कागदावर पसरून वाळवावेत. उन्हात नको आणि पंख्याच्या थेट झोतातही नको. वाळल्यावर घड्यांच्या मध्ये कोरा कागद घालून खाकी पाकिटात किंवा कागदी पिशवीत ठेवावेत. मृताचे कपडे आणि आरोपीचे कपडे एका पुडक्यात, किंवा एकाच टेबलावर एकापाठोपाठ हाताळू नयेत. प्रत्येक वस्तूला हातमोजे नवे.

जळिताच्या प्रकरणात नियम अगदी उलटा आहे, आणि इथे फार गोंधळ होतो. रॉकेल किंवा पेट्रोल ओतल्याचा संशय असेल तर जळके कापड, माती, चटईचा तुकडा हे कागदात बांधू नये, कारण वाफ उडून जाते आणि प्रयोगशाळेच्या हाती काहीच लागत नाही. साधी पातळ प्लास्टिकची पिशवीही वाफ धरून ठेवत नाही. घट्ट झाकणाची स्वच्छ काचेची बरणी किंवा पत्र्याचा नवा डबा घ्यावा आणि वर थोडी जागा मोकळी ठेवावी. सोबत, जिथे काही ओतल्याचा संशय नाही अशा जागेची मातीही वेगळ्या बरणीत द्यावी, म्हणजे तुलना करता येते.

भिंतीवर किंवा फरशीवर वाळलेले रक्त असेल तर निर्जंतुक कापसाची काडी डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओलावून डाग टिपावा, आणि शेजारच्या डाग नसलेल्या जागेवरून तशीच दुसरी काडी घ्यावी. दोन्ही वाळवून स्वतंत्र पाकिटात ठेवाव्यात.

गळफासाच्या प्रकरणात दोरीची गाठ सोडू नये आणि कापूही नये. गाठीपासून दूर कापून, कापलेली दोन टोके दोऱ्याने जोडून ठेवावीत, म्हणजे कोणते टोक कशाला जोडलेले होते ते कळते. गाठ कोणत्या पद्धतीची आहे हाही पुरावाच असतो. आपल्या भागात कीटकनाशक प्राशनाची प्रकरणे दुर्दैवाने पुष्कळ येतात. तिथे डॉक्टर व्हिसेरा, म्हणजे शवविच्छेदनात काढलेले अंतर्गत अवयवांचे नमुने, सर्वसाधारणपणे मिठाच्या संपृक्त द्रावणात जतन करून पाठवतात. विषाच्या तपासणीसाठीचा व्हिसेरा फॉर्मॅलिनमध्ये टाकू नये, कारण त्यामुळे विश्लेषण कठीण होते. औषधाची बाटली सापडली तर तिच्या लेबलचे जवळून छायाचित्र घ्या. घटकाचे नाव वाचता आले की आमचे काम योग्य दिशेने सुरू होते.

छायाचित्रकाराने आणखी एक काम केले तर फार उपयोग होतो. वस्तू पाकिटात जाताना, पाकिटावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लागल्यावर आणि लाखेचे सील लागल्यावर, अशी तीन छायाचित्रे घ्यावीत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये डीएनए नमुन्यांबाबत निर्देश दिले आहेत की, नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचेल हे तपास अधिकाऱ्याने पाहावे आणि तो कोणाच्या ताब्यातून कोणाकडे गेला याची नोंदवही गोळा करण्याच्या क्षणापासून ठेवावी. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथे प्रादेशिक प्रयोगशाळा असल्याने मराठवाड्यातल्या कोणत्याही ठाण्याला अंतराची सबब सांगता येणार नाही.

उत्तर: वकील, जालना

छायाचित्रकार महोदय, प्रमाणपत्राचा विषय आमच्या जिल्ह्याशी निगडित आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात जो खटला झाला, त्यात निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरण पुराव्यात आले होते, पण त्याला प्रमाणपत्र जोडलेले नव्हते. औरंगाबाद खंडपीठातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० च्या निकालात तीन न्यायमूर्तींनी स्पष्ट केले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची तर लेखी प्रमाणपत्र अनिवार्य आहे, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. त्या प्रकरणात मागणाऱ्यांनी प्रमाणपत्र मिळवण्यासाठी सर्व प्रयत्न केले होते आणि संबंधित अधिकाऱ्यांनीच ते दिले नव्हते, म्हणून त्यांच्यापुरती अट शिथिल झाली, इतकेच.

त्याच निकालात आपल्या उपयोगाची आणखी एक गोष्ट आहे. ज्या उपकरणात नोंद प्रथम साठवली गेली ते मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन हजर केले आणि ते आपण वापरत होतो हे सिद्ध केले, तर प्रमाणपत्राची गरज राहत नाही. म्हणून माझा सल्ला असा की, गंभीर गुन्ह्यासाठी नवे, कोरे मेमरी कार्ड वापरावे, त्यावर दुसरे काहीही घेऊ नये, आणि ते पंचांसमोर सीलबंद करून जप्ती पंचनाम्याने द्यावे. कार्डाचा खर्च तपास अधिकाऱ्यांकडून मागून घ्यायला संकोच करू नये. पूर्वी निगेटिव्ह हजर करावी लागत असे. आज तिची जागा या कार्डाने घेतली आहे.

पेन ड्राइव्ह किंवा छापील प्रती दिल्यास मात्र भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागेलच. त्याच्या नमुन्यात दोन भाग आहेत. भाग 'अ' आपण भरायचा: कॅमेरा कोणत्या कंपनीचा, त्याचा अनुक्रमांक, तो आपल्या ताब्यात व चालू स्थितीत होता का, आणि फाइलचे हॅश मूल्य. भाग 'ब' तज्ज्ञाने भरायचा असतो. हॅश मूल्य म्हणजे फाइलवरून गणिताने निघणारी अक्षरांची आणि अंकांची ओळ. फाइलमध्ये एक बिंदू बदलला तरी ती बदलते. म्हणून व्हॉट्सॲपवरून छायाचित्रे पाठवू नका. तिथे फाइल दाबली जाते, तारीख-वेळेची आतील माहिती निघून जाते आणि मूळ फाइलशी हॅश जुळत नाही. साहेबांना घाईने पाहायचीच असतील तर कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवावीत.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ (३) प्रमाणे सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे आणि त्याचे चित्रीकरण होणे अपेक्षित आहे. ही तरतूद अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिलेली आहे. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण कलम १०५ खाली येते. या सरकारी चित्रीकरणात आणि आपल्या छायाचित्रांत वस्तूंची जागा वेगळी दिसली तर बचाव पक्ष त्यावर नक्की बोट ठेवतो, म्हणून दोघांनी एकाच वेळी, एकाच क्रमाने काम करावे.

अत्यंत कळकळीने एक सांगतो. लैंगिक अत्याचाराच्या किंवा बालकांच्या प्रकरणातील एकही प्रत स्टुडिओच्या संगणकावर ठेवू नका आणि कामावरच्या मुलांना दाखवू नका. पीडितेची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्या कुटुंबाला आयुष्यभर त्याच गावात राहायचे असते.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनापासून आभारी आहे. कार्ड वेगळे ठेवणे आणि वही आजपासूनच सुरू करतो. एक गोष्ट राहिली. अलीकडे पेट्रोल पंपावरचे किंवा दुकानातले सीसीटीव्ही चित्रण हवे असते, तेव्हा मला डीव्हीआरच्या (चित्रण साठवणाऱ्या यंत्राच्या) पडद्याचे मोबाइलवर चित्रीकरण करून द्यायला सांगतात. हे चालते का?

उत्तर: पोलीस कर्मचारी, परभणी

तेवढ्यावर भागत नाही. पडद्याचे चित्रीकरण तपासाला दिशा मिळण्यापुरते ठीक आहे, पण पुरावा म्हणून डीव्हीआरमधील मूळ नोंद किंवा तिची हॅशसह घेतलेली प्रत हवी. डीव्हीआर जुन्या चित्रणावर नवे चित्रण लिहीत जातो, त्यामुळे जागा भरली की हवा तो दिवस आपोआप पुसला जातो. म्हणून पहिल्याच दिवशी जाणे आवश्यक आहे.

आपण तिथे करू शकाल असे एक मोलाचे काम आहे. डीव्हीआरचे घड्याळ क्वचितच बरोबर असते. पडद्यावर त्याची तारीख-वेळ दिसत असताना शेजारी नेटवर्कची वेळ दाखवणारा मोबाइल धरून दोन्ही एकाच चौकटीत घ्या, आणि किती मिनिटांचा फरक आहे ते पंचनाम्यात लिहून घ्यायला सांगा. मग डीव्हीआरची कंपनी आणि अनुक्रमांकाची पट्टी, कोणती तार कोणत्या कॅमेऱ्याकडे जाते, आणि प्रत्येक कॅमेरा कुठे तोंड करून बसवला आहे, यांची छायाचित्रे घ्या. हे सर्व झाल्यावरच यंत्र रीतसर बंद करून हार्ड डिस्क काढावी. मूळ डिस्क न घेता चित्रणाची प्रत घेतली असेल, तर कलम ६३ च्या प्रमाणपत्राचा भाग 'अ' पंपाच्या व्यवस्थापकाकडून त्याच दिवशी भरून घ्यावा, कारण खटला उभा राहीपर्यंत तो व्यवस्थापक तिथे असेलच असे नाही.